कॉमिक स्लॅबमध्ये घालण्याआधी

न्यू जर्सीतल्या एका फ्ली मार्केटमध्ये, जुन्या कॅसेटींच्या शेजारच्या खोक्यात, मला 'इन्क्रेडिबल हल्क'चा १८१वा अंक मिळाला. नोव्हेंबर १९७४चा. १८०व्या अंकाच्या अगदी शेवटी वूल्व्हरीन ओझरता येऊन जातो, पण त्याची खरी एन्ट्री या १८१मध्ये आहे, म्हणून जमवणारे यासाठी जीव टाकतात. कव्हरला चकाकी होती, कोपरे टोकदार होते. विकणाऱ्याला अंकाची किंमत ठाऊक होती, तरी थोडी घासाघीस करून मी तो घेतला आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात विकूनही टाकला.

घरी टेबल पुसून अंक उघडला. वाचकांच्या पत्रांच्या पानावर पोस्टाच्या तिकिटाएवढी चौकोनी खिडकी होती आणि तिच्यातून पुढचं पान दिसत होतं. त्या वर्षांत मार्व्हल आपल्या अंकांत 'व्हॅल्यू स्टँप' छापायचं आणि पोरांनी तो कापून वहीत चिकटवावा अशी अपेक्षा असायची. या अंकात ५४ नंबरचा, शॅनाचा स्टँप असतो. पन्नास वर्षांपूर्वी कुणा पोराने सांगितल्याप्रमाणे इमानेइतबारे कात्री चालवली होती. त्यात त्याची काय चूक? चूक माझी. मी कव्हर बघून पैसे मोजले, आत पाहिलंच नाही.

कॉमिक ग्रेडिंगला पाठवण्याचा सगळा प्रकार या एका गोष्टीभोवती फिरतो. ग्रेडिंग कंपनी तुमचं कॉमिक सुधारून देत नाही. तुम्ही जे टेबलावर बसून पाहायला हवं होतं ते त्यांची माणसं पाहतात, त्यावर आकडा लिहितात आणि कॉमिक प्लॅस्टिकच्या पक्क्या डबीत बंद करतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. (आपल्याकडे स्लॅब म्हटलं की आधी गळतं छत आठवतं, त्याला इलाज नाही.) आपण पैसे देतो ते परक्या माणसाच्या विश्वासासाठी. उद्या दुसऱ्या राज्यातल्या, कधी न भेटलेल्या माणसाला विकायचं असेल, तर तो तुमच्या शब्दावर नाही, त्या आकड्यावर पैसे टाकेल. विकायचंच नसेल तर बहुतेक कॉमिकला स्लॅब लागत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

आधी पानं मोजा

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम लावलेलं नको. सुती हातमोजे घालू नका, त्यांत बोटांना कागद जाणवत नाही आणि कडा हमखास फाटते. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरा. चहाचा कप दुसऱ्या खोलीत.

सत्तरीच्या दशकातल्या नेहमीच्या अमेरिकन अंकात कव्हर सोडून १६ पानं, म्हणजे ३२ पृष्ठं असतात. एकेक पान मोजा. मधलं जोडपान दोन्ही पिनांवर घट्ट आहे का, ते बघा. जाहिरातींच्या पानांवर कुपन कापलेलं नाही ना, पत्रांच्या पानावर स्टँप शाबूत आहे ना, तेही बघा. काही जुन्या अंकांत मधोमध जाड कागदाची जवाहिऱ्याची जाहिरात शिवलेली असते. ती नंतर कुणी घुसडली असावी असं वाटून ओढून काढू नका, ती त्या प्रतीचाच भाग आहे.

मग कव्हर. दिवा बाजूला ठेवून कॉमिक तिरकं धरा, म्हणजे समोरून न दिसणाऱ्या चुण्या उजेडात उठून दिसतात. पाठीवर, जिथे घडी असते तिथे, आडव्या बारीक रेघा असतात, त्यांना स्पाइन टिक म्हणतात. त्या रेघेवरचा रंग तुटून पांढरा कागद दिसत असेल तर ती कायमची. नुसता बाक असेल तर प्रेसिंगने, म्हणजे वाफ आणि दाब देऊन सपाट केल्याने, जाऊ शकते. हा फरक नीट शिकून घ्या, पुढचा अर्धा हिशेब यावर आहे.

पिनांवर गंज आहे का आणि तो कागदात उतरलाय का, हे बघा. कव्हर आतून उलटून बघा. बाहेरच्या बाजूला कुणी स्केचपेनने काळ्या भागावर 'दुरुस्ती' केली असेल तर शाई आतल्या बाजूला झिरपलेली दिसते. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात फिरवा, काही रंग आणि गोंद त्यात वेगळे चमकतात. तिन्ही कडा एकदम धारदार, सरळ, आणि अंक त्या काळच्या इतर अंकांपेक्षा किंचित लहान असेल, तर तो कापलेला असण्याची दाट शक्यता आहे. कडा कापणं आणि रंग भरणं हे दोन्ही ग्रेडिंगवाले रिस्टोरेशन, म्हणजे नंतर केलेली डागडुजी, धरतात आणि त्याला जांभळं लेबल लावतात. जांभळ्या लेबलचं कॉमिक घेणारे आहेत, पण निळ्याच्या, म्हणजे सरळ ग्रेडच्या लेबलच्या, भावाने नव्हे.

आकडा स्वतः लावा, आणि हात आखडता ठेवा

मापपट्टी ०.५ पासून १०.० पर्यंत आहे. ९.८ म्हणजे जवळजवळ निर्दोष, ९.४ म्हणजे दुकानातून नुकतंच आणलेलं पण कुठेतरी एखादी खूण असलेलं, ८.० म्हणजे जपून वाचलेलं, ६.० म्हणजे वाचलेलं आणि तसं दिसणारं, ४.० म्हणजे पोराच्या दप्तरातून फिरून आलेलं, २.० म्हणजे सगळं आहे पण हाल झालेले. १०.० जवळपास कुणाला मिळत नाही, ते विसरा.

आपल्या कॉमिकला आपण नेहमी एक-दोन पायऱ्या वर बसवतो. आईला आपलं पोर गोरंच दिसतं, तसं. म्हणून मी आधी सगळे दोष कागदावर लिहितो: 'वरचा डावा कोपरा बोथट, तीन टिक, त्यातल्या एकीचा रंग तुटलेला, मागच्या कव्हरवर पेन्सिलीची तारीख.' मग तो कागद वाचून आकडा ठरवतो, कॉमिककडे न बघता. त्यातून अर्धा-पाव वजा करतो. इतकं करूनही माझा अंदाज कधी कधी जास्तच निघतो.

हिशेब

समजा एक कॉमिक स्लॅबशिवाय ६० डॉलरला जातं. ९.६ चा स्लॅब ८०ला, ९.८ चा १५०ला. ग्रेडिंगची फी, प्रेसिंग, जाण्यायेण्याचा खर्च आणि विमा मिळून ७० डॉलर धरा. म्हणजे ९.८ आलं तर हातात २० डॉलर, आणि ९.६ आलं तर घरचे ५० गेले. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण नव्या कॉमिकचं गणित बहुतेक वेळा असंच निघतं: सगळं ९.८वर टांगलेलं. त्यामुळे गेल्या दहा-वीस वर्षांतला अंक ९.८ येईल अशी खात्री नसेल तर पाठवू नये.

जुन्या, मोठ्या अंकांचं उलट. तिथे ३.०लाही अर्थ असतो, कारण घेणाऱ्याला आधी अंक पूर्ण आहे, कुणी रंगवलेला नाही, एवढी हमी हवी असते. स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो १९६२चा 'अमेझिंग फँटसी'चा १५वा अंक ९.६ या ग्रेडमध्ये २०२१ साली ३६ लाख डॉलरला गेला. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक १ ८.५ या ग्रेडमध्ये २०२४ साली ६० लाखांना. हे आकडे वाचून माळ्यावरची खोकी खाली काढणारे बरेच असतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या खोक्यात नव्वदीच्या दशकातले, लाखोंनी छापलेले आणि लाखोंनी जपलेले अंक निघतात. ते वाचा, पोरांना द्या.

भाव बघताना कुणी काय मागितलंय ते बघू नका. त्याच ग्रेडचा स्लॅब गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष कितीला विकला गेला, ते बघा.

प्रेसिंग

थोडी वाफ, थोडी उष्णता आणि दाब देऊन कॉमिक सपाट करतात, म्हणजे बाक, बोटांचे ठसे, रंग न तुटलेल्या चुण्या निघतात. आधी खास खोडरबरने कोरडी सफाईही करतात. सीजीसी ही मोठी ग्रेडिंग कंपनी याला रिस्टोरेशन मानत नाही, त्यामुळे लेबलवर त्याचा उल्लेख येत नाही. गंज, डाग, तुटलेला रंग, फाटलेली कड, यातलं काहीही प्रेसिंगने जात नाही.

घरची इस्त्री वापरून बघू नका. मी एका डॉलरच्या अंकावर बघितलंय. कव्हरची चकाकी ठिकठिकाणी गेली आणि पिनांचे ठसे समोर उमटले. प्रेसिंग ग्रेडिंग कंपनीच्या भगिनी संस्थेकडूनही करून मिळतं आणि स्वतंत्र कारागिरांकडूनही. स्वतंत्र माणसाकडे द्यायचं तर आधी स्वस्तातले दोन अंक देऊन त्याचा हात बघा. ठिसूळ कागदाच्या अंकाला मात्र प्रेसिंग नकोच.

कंपनी आणि फॉर्म

या धंद्यातलं मोठं नाव सीजीसी. फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथली ही कंपनी २००० सालापासून कॉमिकला ग्रेड देते. सीबीसीएस ही दुसरी कंपनी २०१४ साली आली. विकताना सीजीसीच्या स्लॅबला सहसा जास्त गिऱ्हाईक मिळतं, म्हणून विकायचं असेल तर मी तिकडेच पाठवतो.

सहीचा प्रश्न असेल तर आधीच विचार करा. सीजीसीचं पिवळं लेबल त्यांच्या साक्षीदारासमोर झालेल्या सहीला मिळतं. तुम्ही संमेलनात रांगेत उभं राहून एकट्याने सही घेतली असेल, तर ती कितीही खरी असली तरी कव्हरवर कुणीतरी लिहिलंय एवढाच त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. सही नंतर तपासून देण्याची सोय वेगळी असते, तिचे नियम पाठवण्याआधी वाचा. आणि सही घ्यायचीच असेल तर साक्षीदार आहे ना, हे रांगेत लागण्याआधी विचारा.

फॉर्म संकेतस्थळावर भरायचा. अंकाचं नाव, क्रमांक, वर्ष, प्रकाशक आणि तुमच्या मते किंमत. फीची पायरी अंकाच्या वयावर आणि किमतीवर ठरते. पैसे वाचवायला किंमत कमी लिहिण्याचा मोह होतो, पण वाटेत पार्सल हरवलं तर भरपाईच्या वेळी तोच आकडा तुमच्यासमोर ठेवतात. प्री-स्क्रीन नावाचा एक प्रकारही आहे. 'इतक्या ग्रेडच्या खाली येत असेल तर स्लॅब करू नका' असं सांगून ठेवायचं, मग नापास अंकांचे थोडकेच पैसे लागतात. एकाच नव्या अंकाच्या बऱ्याच प्रती असतील तर हा मार्ग चांगला.

पाठवण्याआधी प्रत्येक अंकाचे पुढून, मागून आणि मधल्या पानाचे फोटो काढा. दोष असलेल्या जागांचे जवळून काढा.

बांधाबांध

इथे घाई केली की आधीचं सगळं पाण्यात. प्रत्येक अंक नव्या पिशवीत, मागे आधाराला नवा बोर्ड, म्हणजे अंकाच्या मापाचा ताठ पुठ्ठा. पिशवीची झडप बंद करताना चिकटपट्टीचं एक टोक आत दुमडून ठेवा, म्हणजे तिकडच्या माणसाला ती नखाने न खरवडता ओढता येते. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. पुढे तसाच बंद केलेला एक अंक घरी बाहेर काढताना उघडी चिकटपट्टी मागच्या कव्हरला लागली आणि रंगासकट निघाली. दोन मिलिमीटर रंग, पण ९.६चं ९.० व्हायला तेवढा पुरला असेल.

मग आठ-दहा अंकांची चळत करून, अंकापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठे असे दोन जाड पुठ्ठे वरखाली लावा. पुठ्ठे एकमेकांना चिकटवा, पिशव्यांना नाही. आवळू नका, नाहीतर वरच्या अंकाला पुठ्ठ्याची कड उमटते. चळत बबल रॅपमध्ये गुंडाळून लहान खोक्यात ठेवा, आणि ते खोकं मोठ्या खोक्यात, मध्ये सर्व बाजूंनी दोन इंच भरण. बंद करून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा. फॉर्मची छापील प्रत आत टाकायची आणि दुसरी आपल्याकडे ठेवायची.

अमेरिकेतून अमेरिकेत पाठवताना महागडा अंक पोस्टाच्या रजिस्टर्ड मेलने जावा. सावकाश जातो, पण ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो आणि प्रत्येक टप्प्यावर कुणाच्या तरी ताब्यात असल्याची नोंद होते. त्यासाठी खोक्याला प्लॅस्टिकची नाही, कागदी पट्टी लागते, कारण सांध्यांवर शिक्के मारायचे असतात. खिडकीपर्यंत जाऊन हे कळलं तर परत यावं लागतं.

लेबल वाचणं

स्लॅब परत आला की आधी काठ आणि कोपरे बघा, तडा असेल तर लगेच फोटो काढून कळवा. निळं लेबल म्हणजे सरळ ग्रेड, जांभळं म्हणजे रिस्टोरेशन, पिवळं म्हणजे साक्षीदारासमोरची सही, हिरवं म्हणजे एका ठळक दोषाचा वेगळा उल्लेख करून दिलेली ग्रेड. माझ्या हल्कसारखा स्टँप नसलेला अंक हिरव्यात जाऊ शकतो. ग्रेडच्या बरोबरीने कागदाचा रंग लिहिलेला असतो. पांढरा सर्वांत चांगला, मग मलईकडे झुकत शेवटी ठिसूळ. जुन्या अंकात एकाच ग्रेडच्या दोन प्रतींमधला भावातला फरक पुष्कळदा या ओळीमुळे असतो.

लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. स्वतःचा अंक असला तरी बघा, आणि दुसऱ्याकडून स्लॅब घेताना तर बघाच. २०२३च्या अखेरीला एक प्रकार उघडकीला आला: काहींनी सीजीसीचे स्लॅब उघडून आतला चांगला अंक काढून घेतला, त्याच लेबलखाली हलका अंक ठेवला आणि डबी बदलून हवी म्हणून कंपनीकडूनच नवी करून घेतली. तेव्हापासून मी लेबल वाचतो, ग्रेडरच्या नोंदी मिळाल्या तर त्या वाचतो, आणि मग त्यातला प्रत्येक दोष कव्हरवर शोधतो. ९.४चा आकडा आणि समोर दुमडलेला कोपरा दिसला तर पुढे बोलायचं नाही.

ग्रेड मनासारखी आली नाही तर स्लॅब फोडून पुन्हा पाठवणारे आहेत. प्रेसिंग न करता पाठवलेला अंक असेल तर त्यात तथ्य आहे. नुसत्या नशिबावर पाठवत असाल तर लॉटरीचं तिकीट स्वस्त पडेल.

ठेवायचं कुठे

स्लॅब हवाबंद नसतो. ओल आत जाते, उजेडही जातो. भिंतीवर उन्हासमोर लावलेल्या स्लॅबमधलं कव्हर दोन-तीन वर्षांत फिकं पडतं, आकडा तोच राहतो. म्हणून उभे ठेवा, अंधारात, घराच्या मधल्या खोलीतल्या कपाटात. तळघर आणि माळा दोन्ही नको. साधारण २० अंश तापमान आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता चांगली, पण आकड्यापेक्षा ती रोज वरखाली न होणं महत्त्वाचं. वीसेक डॉलरचा आर्द्रता मोजणारा काटा कपाटात ठेवा.

स्लॅबमध्ये न जाणाऱ्या अंकांसाठी पॉलिएस्टरची, म्हणजे मायलरची पिशवी आणि पूर्ण आम्लविरहित बोर्ड. स्वस्त बोर्ड पुष्कळदा एकाच बाजूने लेप दिलेले असतात. साध्या पॉलिप्रोपिलिनच्या पिशव्या चालतात, पण पाच-सात वर्षांनी बदला. पीव्हीसीचं काहीही नको. खोक्यात अंक उभे, आधार देऊन. सैल ठेवले तर वाकतात, कोंबले तर पाठी चिरडतात.

महाराष्ट्रात, त्यातही मुंबईत आणि कोकणात, पावसाळ्याचे चार महिने हे सगळं कठीण होतं. झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनपासून दर पंधरा दिवसांनी वाळवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. डांबराच्या गोळ्या कसर पळवतात, पण त्यांचा वास आणि वाफ कागदात बसते. गणपती झाले की पेटी कोरड्या दिवशी उघडून सगळे अंक एकदा हातात घ्या.

आता वेताळ, म्हणजे फँटम. टाइम्स ऑफ इंडिया समूहाचं इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४मध्ये सुरू झालं, १९९०मध्ये बंद पडलं, आणि मराठीतही निघायचं. घराघरांत त्या अंकांचे गठ्ठे बाइंडिंगवाल्याकडे गेले. त्याने तिन्ही बाजू यंत्रावर कापल्या, पाठीला भोकं पाडून शिवलं, आणि पहिल्या पानावर कुणी काकांनी निळ्या शाईने नाव-पत्ता लिहिला. असे अंक ग्रेडिंगला पाठवण्यात काही अर्थ नाही. बाइंडिंग सोडवू नका, तसंच मऊ कापडात गुंडाळून आडवं ठेवा. सुटा, धडका मराठी अंक सापडला तर मायलर आणि बोर्ड पुरे. त्याचा आकार पिशवीच्या मापाशी जुळतो का, ते आधी मोजून बघा. वेताळाचे मराठी अंक घेणारा माणूस पान उलटून, वास घेऊन घेणारा आहे, त्याला बंद डबी देऊन काय करणार?

भारतातून अमेरिकन अंक ग्रेडिंगला पाठवायचा असेल तर तिकडे जाणाऱ्या नातलगाच्या हातातून जाणं सर्वांत सोपं. पुठ्ठ्यांची तीच बांधणी, केबिन बॅगेत, कपड्यांच्या मध्ये उभी. कुरिअरनेच पाठवणार असाल तर जाताना भरलेल्या कागदांच्या प्रती आणि फोटो सांभाळा, म्हणजे परत येताना आपलाच माल आपण परत आणतोय हे कस्टमला दाखवता येतं. येताना स्लॅब चेक-इन बॅगेत टाकू नका. तो साधारण ८ बाय १३ इंचांचा असतो, लॅपटॉपच्या कप्प्यात बसतो. एक्स-रेने कागदाला काही होत नाही. सुरक्षा तपासणीवाल्याने उघडायला सांगितलं तर लेबल दाखवा, आरपार दिसतंय ते दाखवा, आणि हे उघडत नाही असं हसून सांगा. मला दोनदा सांगावं लागलंय. दुसऱ्या वेळी त्याने आपल्या सहकाऱ्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून मागचं कव्हर वाचलं.